आमच्या जंगलातल्या पायवाटांचा ऑनलाइन नकाशा करायचाय, सुरुवात कुठून करू?

पळसवाट, इंदूर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही नेमकं सांगता येणार नाही म्हणून सांगतेच.

आम्ही इंदूरचे सात-आठ जण, बहुतेक रिटायर्ड, आम्ही मिळून बारा वर्षांपूर्वी महूच्या पुढे, जिथे माळवा संपून निमाडकडे उतार लागतो ना तिथे, ३८ एकर पडीक जमीन घेतली. तिथे काही बांधायचं नाही, नुसतं जंगल परत येऊ द्यायचं, एवढंच ठरवलं होतं. घाणेरी उपटली, गुरं चारणाऱ्या लोकांशी बोलून चराई एका बाजूला ठेवली, पाणी अडवायला दगडी बांध घातले. आता पळस, अंजन, मोह, साग सगळं उभं राहिलंय आणि आपल्या हातानी लावलेल्या झाडावर पक्ष्याचं घरटं दिसलं की काय वाटतं ते लिहून नाही सांगता येत. ट्रस्ट रजिस्टर केलाय. रविवारी शहरातून लोकं चालायला येतात, शाळेची मुलं येतात. एकूण चार पायवाटा आहेत.

आता अडचण. मागच्या ऑगस्टमध्ये कुणीतरी चांगल्या हेतूनेच गूगल मॅपवर आमच्या नावाची पिन टाकली, ती पडली नाल्याच्या पलीकडे. एका रविवारी दोन गाड्या भरून माणसं त्या पिनच्या मागे गेली ती थेट शेजारच्या दादांच्या सोयाबीनमध्ये. सोयाबीन अगदी फुलावर होतं. दादांनी आरडाओरडा केला नाही, संध्याकाळी मला शेतात घेऊन गेले आणि दाखवलं फक्त. मोडलेली झाडं, ओळींमधून गेलेली पावलं, आणि चिखलात एका लहान मुलाच्या सँडलचा ठसा. त्या रात्री मला झोप नाही लागली. बारा वर्षं या शेजाऱ्यांनी आम्हाला सांभाळून घेतलंय, आमचा टँकर अडला की त्यांचाच ट्रॅक्टर येतो.

मी स्वतः गूगल माय मॅप्समध्ये रेघा मारून पाहिल्या पण वरून सॅटेलाइटमध्ये सगळी झाडंच दिसतात, वाट कुठे दिसतच नाही, अंदाजाने मारलेली रेघ प्रत्यक्षात भलतीकडेच निघाली. त्याआधी एका मुलाने छान नकाशा करून दिला होता, तो नोकरीसाठी बाहेर गेला आणि लॉगिन त्याचंच असल्यामुळे आता त्यात काही बदलताच येत नाही.

तर कुठलं साधन वापरू, हद्द कशी दाखवायची, रेंज नसते तिथे लोकांनी काय करायचं, आणि एका कड्यावर शृंगी घुबडाची जोडी आहे ती नकाशात दाखवावी का, शाळेच्या मुलांना फार आवडेल म्हणून विचारते. मला कॉम्प्युटर येतो, बँकेत होते, पण नकाशाचं काही येत नाही. शिकायची तयारी पूर्ण आहे.

नकाशेवाला, इंदूर

काकू नमस्कार. मी जीआयएसमध्येच, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचंच काम करतो म्हणून सविस्तर लिहितो, घाबरू नका, एवढं अवघड नाहीये.

सगळ्यात आधी आज रात्रीच ती चुकीची पिन हलवा. गूगल मॅपमध्ये त्या पिनवर जाऊन बदल सुचवा, जागा बरोबर करा, आणि तुमच्या चार-पाच जणांना पण तेच करायला सांगा. आणि पिन जमिनीच्या मधोमध नका ठेवू, गाडी जिथे लावायची तिथे ठेवा, कारण माणूस पिन बघून गाडी चालवतो आणि गूगल त्याला पिनच्या जवळात जवळच्या रस्त्यावर नेऊन सोडतं, मग तो रस्ता नाल्याच्या त्या बाजूचा असला तरी.

दुसरं म्हणजे हद्द. एमपी भूलेख या सरकारी जमीन-नोंदींच्या साइटवर तुमच्या खसऱ्याचा (गटाचा) नकाशा निघेल पण तो तसाच उचलून सॅटेलाइटवर ठेवू नका प्लीज. जुन्या पटवारी नकाशांवरून केलेल्या रेघा आहेत त्या, सॅटेलाइटच्या फोटोवर ठेवल्या की सरकलेल्या निघतात, मी स्वतः एका गावात बघितलं की अख्खा खसरा रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसला होता. तुमचं सीमांकन, म्हणजे हद्दीची सरकारी मोजणी, झालेलं असेल तर पटवारींनी दाखवलेले दगड असतील, त्या प्रत्येक दगडापाशी फोन दोन-तीन मिनिटं स्थिर धरून पॉइंट घ्या, आणि शेजारच्या दादांना बरोबर घेऊन जा. ते म्हणतील हो हाच दगड, तेव्हाच तो नकाशात. सीमांकन झालं नसेल तर तहसीलमध्ये अर्ज द्या, आणि तोपर्यंत नकाशात हद्दीची पक्की रेघ मारूच नका, तुटक मारा.

आता वाटा. वाट घरी बसून काढायची नाही, चालून काढायची. फोनमध्ये ऑसमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स हे नकाशाचं अ‍ॅप टाका, ट्रॅक रेकॉर्ड चालू करा आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन जीपीएसच झोपवून टाकतो आणि घरी येऊन बघाल तर दोन टोकांमध्ये एक सरळ रेघ. उघड्यावर फोन पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर सांगतो, कड्याखाली आणि दाट झाडीत ते बिघडतं कारण सिग्नल दगडावर आपटून येतो. म्हणून प्रत्येक वाट दोघा-तिघांनी, वेगवेगळ्या फोनवर, जाता-येता दोन्हीकडून चाला. सगळे ट्रॅक एकावर एक ठेवले की मधली खरी वाट आपोआप दिसते. आणि बसलात की रेकॉर्डिंग थांबवा, तुम्ही चहा पिताय आणि फोन इकडेतिकडे उड्या मारत अंतर मोजतच असतो, मग दीड किलोमीटरची वाट पावणेदोन दिसते. जिथे जिथे वाटेला फाटा फुटतो तिथे पॉइंट घ्या आणि चारी दिशांचे फोटो काढा.

मग त्या ट्रॅकच्या जीपीएक्स फाइली क्यूजीआयएस नावाच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणा. फुकट आहे, २००२ पासून लोक मिळून बनवतायत, मराठीत व्हिडिओ पण मिळतील. तीनच लेयर (थर) करा, हद्द, वाटा, पॉइंट. वाटांच्या लेयरमध्ये प्रत्येक वाटेला नाव, अंतर, चढ, शेवटचं कधी चालून पाहिलं ती तारीख, असे रकाने. तुम्ही बँकेतल्या आहात, हे सगळं म्हणजे लेजरच आहे हो, फक्त प्रत्येक ओळीला जमिनीवर एक जागा असते. अंतर मोजताना प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर बसवायची पद्धत) यूटीएम झोन ४३ नॉर्थ घ्या, कोड ३२६४३, इंदूर त्यात येतं. अंश-मिनिटांमध्ये लांबी मोजायची नसते.

ऑनलाइन टाकायला यूमॅप ही साइट घ्या. पाया ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाचा असतो, तुमचे लेयर वर येतात, लिंक मिळते, वेबसाइटमध्ये पण बसतो. माय मॅप्स वाईट नाही पण त्यात जास्तीत जास्त १० लेयर आणि तुम्हाला पाहिजे तसा ऑफलाइन चालत नाही. जे काही घ्याल त्याचं खातं ट्रस्टच्या ईमेलवर उघडा, कुणा एकाच्या नाही, आणि मूळ फाइली दोन जणांच्या कॉम्प्युटरवर. मागच्या वेळी झालं ते परत व्हायला नको.

घुबडाचं मी नाही सांगत, पाणथळ ताई इथे आहेत त्या सांगतील.

चोरलकाठ

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. नकाशा टाकूच नका. चोरल नदी, तिंछा आणि पाताळपाणीचे धबधबे, सगळीकडे काय झालंय बघतोय आम्ही. व्हिडिओ आला की पुढच्या रविवारी दीडशे गाड्या, डिस्पोजेबल ग्लास, स्पीकर. माझं बालपण चोरलच्या काठाने गेलंय, आता तिथे अनवाणी उतरायची भीती वाटते, काचा असतात. जी जागा अजून वाचलीय ती वाचलीय कारण कुणाला माहीत नाही.

पळसवाट, इंदूर

चोरलकाठ, राग कसला, माझ्या मनातलंच बोललात. पण माणसं येतातच आहेत. नकाशा नव्हता म्हणून तर सोयाबीनमध्ये गेली. आमच्या जागेचा चुकीचा नकाशा आधीच जगात फिरतोय, मग आम्ही आमचा खरा का नाही द्यायचा.

रामबाग ते बॉस्टन

मी मूळची रामबागेतली, लग्नानंतर अमेरिकेत, आता मॅसॅच्युसेट्समध्ये १९ वर्षं झाली. हा धागा वाचून राहवलं नाही कारण मी इथे गेली आठ वर्षं नेमकं हेच काम करते, स्वयंसेवक म्हणून.

इथे याला लँड ट्रस्ट म्हणतात. कल्पना इथलीच, १८९१ साली चार्ल्स इलियट नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टच्या पुढाकाराने ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स ही संस्था निघाली, सुंदर जागा लोकांसाठी कायमच्या राखून ठेवायला, जशी लायब्ररी पुस्तकं राखते तशी. आता गावोगावी छोटे छोटे ट्रस्ट आहेत, काहींकडे तुमच्याइतकीच जमीन. काही जमिनी ट्रस्टच्या मालकीच्या असतात आणि काहींवर कन्झर्वेशन ईझमेंट असतं, म्हणजे जमीन शेतकऱ्याचीच राहते, तो शेती करतो, विकूही शकतो, पण तिथे प्लॉट पाडून घरं बांधायचा हक्क त्याने करार करून कायमचा सोडलेला असतो. आणि नकाशाचं सगळ्यात मोठं दुखणं इथेच असतं. ईझमेंटची जमीन राखीव आहे पण लोकांना फिरायला खुली नाही. आमच्या ट्रस्टने पहिल्यांदा ऑनलाइन नकाशा केला तेव्हा दोन्ही एकाच हिरव्या रंगात दाखवल्या, आणि लोक एका आजोबांच्या अंगणातून कुत्री घेऊन जायला लागले. आजोबांनी ती जमीन आपणहून वाचवली होती आणि बक्षीस हे. आम्ही त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून आमचा नियम असा की हिरवा रंग फक्त जिथे पाऊल टाकायला परवानगी आहे तिथेच, बाकी सगळं करड्या रंगात, आणि करड्यावर मालकाचं नाव कधीच नाही.

तर तुमच्या दादांचं शेत करड्या रंगात घ्या, आणि नकाशा त्या नाल्यापाशी संपू देऊ नका, त्यांचं शेत दिसू दे आणि तिथे 'शेत आहे, वाट नाही' असं सरळ लिहा. बहुतेक लोक वाईट नसतात, त्यांना फक्त कळत नसतं की आपण कुठे उभे आहोत.

दुसरी गोष्ट, कागदावरचा आणि जमिनीवरचा नकाशा एकच पाहिजे. इथे झाडांवर रंगाचे पट्टे मारतात, अपलाचियन ट्रेलवर पांढरे, दोन इंच रुंद सहा इंच उंच, आणि त्याला फुटणाऱ्या बाजूच्या वाटांवर निळे. नकाशात पिवळी रेघ असली तर जंगलात पिवळाच पट्टा दिसला पाहिजे. तुमच्याकडे चार वाटा आहेत तर चार रंग घ्या, पण लाल आणि हिरवा शेजारी शेजारी नको, काही पुरुषांना तो फरक दिसतच नाही, म्हणून एक रेघ सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची अशीही करा म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्समध्ये पण चालेल. आणि प्रत्येक फाट्याला नंबर द्या, दगडावर रंगवा, नकाशात तोच नंबर. हरवलेला माणूस फोनवर 'एका मोठ्या झाडापाशी आहे' असं सांगतो ना, त्याऐवजी 'सात नंबरच्या दगडापाशी आहे' म्हणेल.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, नकाशा एकदा करून होत नाही. इथे बर्फ वितळला की मार्च-एप्रिलमध्ये चिखल असतो, तेव्हा काही वाटा बंद करतो कारण ओल्यात चाललं की वाट रुंदावत जाते, लोक चिखल टाळायला कडेकडेने चालतात आणि कडेची झाडं मरतात. माळव्याच्या काळ्या मातीत जुलै-ऑगस्टमध्ये तर ते अजूनच, मला आठवतंय चपलेला किलोभर माती चिकटायची. आमच्याकडे प्रत्येक वाटेला एक माणूस नेमलेला असतो, तो दर हंगामात चालून येतो आणि फॉर्म भरतो, झाड पडलंय का, खूण पुसली का, पूल हलतो का. नकाशाच्या कोपऱ्यात तारीख छापलेली असते. तारीख जुनी असली की लोक स्वतःहून विचारतात.

क्यूआर कोड बोर्डावर लावाल तर तो थेट यूमॅपच्या लिंकचा नको, ट्रस्टच्या स्वतःच्या वेबसाइटच्या एखाद्या पानाचा करा. उद्या नकाशा दुसरीकडे नेला तरी बोर्ड बदलावा लागणार नाही. आम्ही पत्र्याचे नऊ बोर्ड फेकलेत या एका चुकीमुळे.

काकू, तुम्ही जे करताय ते ऐकून इथे बसून डोळ्यात पाणी आलं. पुढच्या डिसेंबरात येतेय इंदूरला, चालायला नक्की येईन.

पाणथळ

शृंगी घुबड अजिबात दाखवू नका. कड्याचं नावसुद्धा 'घुबड पॉइंट' ठेवू नका. मी हात जोडून सांगते.

कारण सांगते. दिवाळीच्या आसपास अंधश्रद्धेपायी घुबडं पकडून विकली जातात, वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे तरी होतं, आणि शृंगी घुबड तर मोठं, कानावर पिसांचे तुरे असलेलं, त्याला मागणी जास्त. शिवाय ते झाडावर घरटं करत नाही, कड्याच्या खोबणीत किंवा झुडपाच्या आडोशाला जमिनीवरच अंडी घालतं, साधारण नोव्हेंबर ते एप्रिलच्या मधे. म्हणजे नेमका आपला फिरायचा हंगाम. रोज दहा माणसं समोर उभी राहिली तर ते अंडी सोडून जाईल. कुणी पकडायची गरजच नाही.

मोठमोठ्या साइट पण हे पाळतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर धोक्यातल्या जातीची नोंद टाकली की नेमकी जागा लोकांना दिसतच नाही, ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी एक ठिपका दाखवतात, आपल्याकडे म्हणजे जवळपास वीस-बावीस किलोमीटरचा चौकोन. पक्षी-नोंदींच्या ईबर्डवर पण संवेदनशील जातींची यादी आहे.

अजून एक, लोक विसरतात. नकाशात पॉइंट टाकला नाही तरी फोटोतून जागा कळते, फोनच्या फोटोत लोकेशन भरलेलं असतं. नकाशाला फोटो जोडायच्या आधी ते काढून टाका. आणि क्यूजीआयएसची फाइल कुणाला देताना घुबडाचा लेयर त्यात नाही ना हे बघा, तुमच्या अभ्यासाची नोंद वेगळ्या फाइलीत, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. नुसता लेयर लपवून चालत नाही, लपवलेला लेयर फाइल उघडणाऱ्याला एका क्लिकमध्ये दिसतो.

शाळेच्या मुलांना दाखवायचंच असेल तर आवाज ऐकवा ना, संध्याकाळी वाटेवर थांबून लांबूनच. मुलं शांत बसतात अशा वेळी, मी बघितलंय.

चोरलकाठ दादांना पण सांगायचंय. मला तुमचं दुःख कळतं, पण इंदूरचा सिरपूर तलाव आठवा. भालू मोंढे आणि त्यांच्या साथीदारांनी वर्षानुवर्षं तिथे उभं राहून तलाव वाचवला, अतिक्रमण, शिकार, गाळ सगळ्यांशी भांडले, आणि २०२२ मध्ये सिरपूर पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, त्याच वर्षी यशवंत सागर तलाव पण. लोकांना तलाव माहीत झाला, तिथे येऊन पक्षी बघायला लागले, म्हणून त्यांच्या मागे माणसं उभी राहिली. माहीत नसलेली जागा तोडली तर रडणारं पण कुणी नसतं. कुठे यायचं आणि कुठे नाही हे आपण ठरवायचं, त्यासाठीच तर नकाशा.

पळसवाट, इंदूर

पाणथळ ताई, घुबड काढलं. पूर्णच काढलं. मी नावसुद्धा 'घुबडकडा' ठेवणार होते, थँक्यू.

नकाशेवाला दादा, दोन रविवार आम्ही सहा जण चाललो. घळीत चार फोनच्या चार रेघा, एक तर कड्याच्या वरून गेलेली, उघड्या टेकडीवर मात्र सगळ्या एकावर एक. तुम्ही म्हणालात तसंच. पण एक घोळ झालाय. फाट्यांचे पॉइंट मी वहीत लिहिले होते ते एक्सेलमध्ये भरून सीएसव्ही करून यूमॅपमध्ये टाकले तर नकाशा पार रिकामा, झूम आउट करत गेले तर सगळे अकरा ठिपके कुठेतरी वर समुद्रात. शिवाय एक ठिपका तिथेही बाकीच्यांपासून वेगळा पडलाय.

नकाशेवाला, इंदूर

काकू तुमचे अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. आपला अक्षांश २२.५ च्या आसपास, रेखांश ७५.७-७५.८. उलटे केले की ७५ उत्तर आणि २२ पूर्व, तो नॉर्वेच्या उत्तरेचा समुद्र, स्वालबार्ड बेटांच्या खाली. रकान्यांची नावं अदलाबदल करा, एका मिनिटात इंदूरला परत येतील. सगळ्यांचं होतं हे, कारण बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो आणि जीओजेसन या नकाशाच्या फाइलीत रेखांश आधी लिहितात.

वेगळा पडलेला तो एक, वहीत बघा, अंश-मिनिटांमध्ये लिहिला असेल. २२ अंश ३० मिनिटं म्हणजे २२.५, तुम्ही २२.३० भरलं असेल, तर तो ठिपका बावीस किलोमीटर दक्षिणेला निमाडात जातो. आणि दशांशानंतर पाच आकडे ठेवा, पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर. चारच ठेवले तर अकरा मीटरपर्यंत फरक पडतो, तेवढ्यात दादांचा बांध येतो.

महूकर

इथे पाण्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी महूचा, लहानपणापासून या दऱ्यांमध्ये फिरतोय.

२०११ च्या जुलैत पाताळपाणीला जे झालं ते इंदूर-महूत कुणी विसरलेलं नाही. घरची माणसं सहलीला गेलेली, नदीत खडकावर उभी, आणि वर कुठेतरी झालेल्या पावसाचं पाणी एकदम आलं. जिथे उभे होते तिथे तेव्हा ऊन असेल नसेल, त्याचा काही संबंध नसतो. आपले नाले असेच आहेत, पठारावर पाऊस पडतो आणि कड्यावरून सगळं एकदम उतरतं.

तर काकू तुमच्या नकाशात वाट नाला कुठे ओलांडते ती प्रत्येक जागा दाखवा, वेगळ्या खुणेने, आणि त्यापुढची वाट जून ते सप्टेंबर बंद असं लिहा. नुसतं 'सावधान' लिहू नका, सावधान सगळीकडेच लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. 'घोट्याच्या वर पाणी असेल तर परत फिरा, गाडीपर्यंतची दुसरी वाट चार नंबरच्या फाट्यावरून' असं लिहा. म्हणजे परत फिरणाऱ्याला वाट पण मिळते.

वेळ लिहाल तेव्हा पण जरा विचार करा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा हिशोब आहे, सपाटीवर तासाला पाच किलोमीटर आणि ६०० मीटर चढाला एक तास वेगळा. तो तरण्याताठ्या माणसाचा हिशोब. लहान मुलं, साडी नेसलेल्या आजी आणि मे महिन्याचं ऊन धरलं तर मी सरळ दुप्पट लिहितो. तुमच्याच सर्वात हळू चालणाऱ्या मेंबरला घड्याळ देऊन पाठवा आणि तीच वेळ छापा.

रेंजचं म्हणाल तर तुमच्या वाटा ओपनस्ट्रीटमॅपमध्येच टाका, मग ऑर्गॅनिक मॅप्समध्ये लोकांना आपोआप ऑफलाइन दिसतील. पण फक्त ज्या खुल्या आहेत त्या खुल्या म्हणून. शेताकडे जाणारी वाट जमिनीवर असेल तर ती लपवू नका, तिला 'अ‍ॅक्सेस प्रायव्हेट' (खाजगी वाट) अशी नोंद लावून ठेवा, कारण तुम्ही खोडली तर उद्या दुसरा कुणी सॅटेलाइटवरून परत काढेल आणि खुली म्हणून काढेल. आणि गूगलवरून बघून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये काही काढायचं नसतं, परवानगी नाहीये, स्वतःचे ट्रॅक वापरा. महू छावणी जवळ आहे तर लष्कराचं काहीही नकाशात नको आणि ड्रोन उडवायच्या आधी विचारा. बाकी २०२१ च्या फेब्रुवारीपासून आपल्या लोकांना असे नकाशे करायला आधी परवानगी काढावी लागत नाही, त्यामुळे तिकडची काळजी नको.

आणि बोर्डाच्या मागे कागदी नकाशे ठेवा. फोन संपतो.

चोरलकाठ

महूकर, नाल्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

पळसवाट काकू, मी अजूनही घाबरतो. पण एक विचारू का, चारही वाटा खुल्या करायलाच हव्यात का? रालामंडळ बघा, १९८९ पासून अभयारण्य आहे, जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचं, शहराच्या उंबऱ्यावर, तरी टिकून आहे कारण फाटक आहे, ठरलेली वाट आहे, होळकरांच्या शिकारगाहपर्यंत जा आणि खाली या. तुमच्याकडे फाटक नाही. मग नकाशालाच फाटक करा. दोन वाटा सगळ्यांना, दोन तुमच्या बरोबर येणाऱ्यांनाच. म्हणाल तर रविवारी वाटेवर उभं राहायला मी येतो.

पळसवाट, इंदूर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, पण काम चालू होतं म्हणून.

ठिपके समुद्रातून परत आले. अकराच्या अकरा. वेगळा पडलेला होता तो खरंच मिनिटांचाच घोळ होता, माझ्याच अक्षरात वहीत २२ अंश ३० मिनिटं लिहिलेलं सापडलं.

चोरलकाठ दादा, तुमचं ऐकलं. ट्रस्टच्या मीटिंगमध्ये दीड तास बोललो यावर आणि ठरलं की पळसवाट आणि बांधवाट या दोनच नकाशात. घळीतली आणि कड्याची नकाशात नाहीत, त्या आमच्यापैकी कुणी बरोबर असेल तरच. घळीच्या तोंडाशी जिथे फाटा फुटतो तिथे दगडावर नंबरच टाकला नाही, काट्या टाकून ठेवल्यात. तुम्ही येताय म्हणालात तर पुढच्या रविवारी सकाळी सातला या, पोहे मी आणते.

हद्दीचं सांगायचं राहिलं. सीमांकनाचे दगड नऊ होते, आम्हाला सात सापडले. आठवा घाणेरीत होता. नववा काही केल्या मिळेना, तर शेजारचे दादा आणि त्यांचे वडील आले, वडील ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत नाल्यापर्यंत उतरले आणि एका मोहाखाली काठीने माती उकरायला लागले. वीतभर खाली दगड निघाला, वर छिन्नीने कोरलेली फुली. त्यांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी मोह नव्हता, फक्त दगड होता. मी फोन त्या दगडावर ठेवून तीन मिनिटं थांबले आणि सगळे गप्प उभे होते.

तो पॉइंट आता फाइलीत आहे. नकाशाच्या त्या बाजूला करडा रंग आहे आणि 'शेत आहे, वाट नाही' असं मराठीत आणि हिंदीत लिहिलंय. छापायच्या आधी प्रूफ दादांकडे नेलं, त्यांनी बघून एकच बदल सांगितला, गाड्या लावायची जागा अजून वीस पावलं अलीकडे घ्या, तिथून त्यांचा ट्रॅक्टर वळतो. आज घेतली.

क्यूआर ट्रस्टच्या पानाचाच केलाय, बॉस्टनच्या ताई. बोर्ड शनिवारी लागतोय. कोपऱ्यात तारीख घातली आहे, आणि पावसाळ्यानंतर पळसवाट मी चालून तपासणार, बांधवाटेला अजून माणूस हवाय. महूच्या बाजूला राहणारं कुणी असेल तर सांगा.